भित्तिचित्रातला रोहित आणि न रंगवलेला गाळ

रेखाटन (धागाकर्ती)

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे इकडे शिवडीपासून मुलुंडपर्यंत आणि पलीकडे नवी मुंबईत, पुलांच्या खांबांवर आणि सार्वजनिक भिंतींवर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची चित्रे मोठ्या संख्येने दिसू लागली आहेत. २०१५ साली खाडीचा एक भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि पाहता पाहता हा पक्षी शहराचे ओळखचिन्ह झाला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र यांतील बहुतेक चित्रांत पक्षी निळ्याशार तळ्यात उभा असतो, मागे हिरवी टेकडी आणि वर पिवळा सूर्य असतो, आणि ज्या करड्या गाळासाठी तो येथे येतो तो गाळ चित्रात कोठेही नसतो.

हा विषय आत्ता मांडण्याचे कारण असे की आमच्या वसाहतीची भांडुप पूर्वेकडील, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची लांबलचक कुंपणभिंत रंगवायची ठरली आहे. एका तरुण चित्रकाराने कच्चा आराखडा दिला आहे आणि मी शाळेत चित्रकला शिकवत असल्यामुळे समितीने माझे मत विचारले आहे. ते येथे सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना त्यात भर घालता येईल.

प्रथम रंगाविषयी. गुलाबीचे तेज त्याच्या शेजारी कोणता रंग आहे यावर ठरते. भडक निळ्याला लागून आलेला गुलाबी त्याच्याशी चढाओढ करता करता फिका पडतो. तोच गुलाबी करड्यावर ठेवला की डोळ्याला त्या करड्यात किंचित हिरवट झाक दिसू लागते आणि गुलाबी तापल्यासारखा वर येतो. खाडीवर ओहोटीच्या वेळी नेमके हेच घडते. शिवडीच्या धक्क्यावरून हजारो पक्ष्यांची गुलाबी रेघ इतक्या लांबून स्पष्ट दिसते, त्याचे श्रेय पक्ष्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या पायाखालच्या गाळालाही आहे. शिवाय हा गाळ एकरंगी नाही. पाणी नुकतेच उतरलेला पट्टा आकाश परावर्तित करतो म्हणून रुपेरी निळा दिसतो, थोडा सुकलेला भाग राखाडी असतो, शैवालाचा थर साचलेला भाग हिरवट तपकिरी असतो, आणि लहान ओहळांच्या कडा जवळजवळ काळ्या असतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी यांच्या बळावर भिंतीच्या भिंती उजळवल्या आणि निळा लाजवर्द जपून वापरला, हे ज्याने पाहिले आहे त्याला मातकट रंग उदास असतात असे म्हणवणार नाही.

दुसरा मुद्दा प्रतीकाचा आहे आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्यापासून वेगळा काढता येत नाही. रोहिताचा रंग जन्मजात नसतो. पिल्लू करड्या रंगाचे असते, आणि शैवाल व सूक्ष्म जीव खाऊन त्यांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये अंगात साठत जातात तसतशी पिसे गुलाबी होतात. म्हणजे ज्या रंगासाठी आपण हा पक्षी भिंतीवर आणतो, तो रंग त्याला अशा उथळ, खारट, शैवालाने भरलेल्या पाण्यातूनच मिळालेला असतो. चित्रातून गाळ काढून टाकला की रंगाचे कारणच निघून जाते आणि कोणत्याही शहरातील कोणत्याही हॉटेलच्या भिंतीवर शोभेल असा एक देखणा पक्षी तेवढा उरतो. निरीक्षण खरे असेल तरच प्रतीक टिकते, असे माझे ठाम मत आहे.

आता आराखड्याकडे येते. त्यात भिंतीचे सारख्या आकाराचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकात एक स्वतंत्र चित्र आहे: रोहित, मोर, शेकरू, वाघ, गुलमोहर इत्यादी. शेकरू हा आपला राज्यप्राणी आहे, परंतु त्याचे घर भीमाशंकरसारख्या सह्याद्रीतील उंच झाडीत आहे. गुलमोहर तर मूळचा मादागास्करचा. त्यांच्या सौंदर्याविषयी तक्रार नाही, पण खाडीला टेकून उभ्या असलेल्या भिंतीने खाडीचे काही सांगू नये याचे वाईट वाटते. बोरीबंदरच्या स्थानकाची इमारत १८८८ साली पूर्ण झाली. तिच्यावरील कोरीवकामात सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि त्या दगडांत मोर, माकडे, घुबडे, पाने, वेली अशा रीतीने आल्या आहेत की इमारतीची शैली युरोपातील असूनही तिची झाडेपाखरे इथली वाटतात. त्या विद्यार्थ्यांना जे जमले ते आपल्यालाही जमावे.

माझी सूचना अशी की चौकोन पुसून संपूर्ण भिंतीवरून पाण्याची एकच रेषा फिरवावी. एका टोकाला पूर्ण भरती असावी, जेथे पाण्यावर केवळ तिवरांचे (खारफुटीच्या झाडांचे) शेंडे दिसतात. तेथून रेषा हळूहळू खाली यावी, तिवरांची श्वसनमुळे उघडी पडावीत, मग गाळ, मग निवटे (गाळात राहणारे छोटे मासे) आणि खेकडे, आणि ओहोटीच्या टोकाला पक्ष्यांचा थवा. सकाळी स्थानकाकडे निघालेल्या माणसाला पाणी उतरताना दिसेल आणि संध्याकाळी घरी येणाऱ्याला चढताना. तिवराची मुळे गाळातून पेन्सिली रोवल्यासारखी सरळ वर येतात, त्यामुळे तळाशी उभ्या रेघांची एक लय आपोआप तयार होते; तीच लय पुढे रोहितांच्या पायांत उतरवता येईल. उंचीचाही योग जुळून आला आहे. छोटा रोहित उभा राहिला तर सुमारे तीन फुटांचा भरतो आणि आमची भिंत सहा फुटांची आहे, म्हणजे पक्षी प्रत्यक्ष आकारात काढता येतील आणि लहान मुलांना त्यांच्या डोळ्यांत पाहता येईल. पुलाच्या खांबावर वीस फुटी पक्षी काढावा लागतो, कारण बसमधून जाणाऱ्याला क्षणभरच पाहायला मिळते. आमच्या भिंतीसमोरून लोक चालत जातात.


खाडीवाट

धागा अतिशय आवडला. मी बरीच वर्षे भांडुपच्या उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) बाजूने पक्षी पाहायला जातो, त्या आधारे चित्रकाराला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी लिहितो.

खाडीत मोठा आणि छोटा असे दोन्ही रोहित येतात, पण संख्येने छोटा रोहित पुष्कळ अधिक असतो. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी असते. छोट्याची गडद किरमिजी असते आणि लांबून काळीच भासते. भिंतींवरच्या चित्रांत अनेकदा शरीर छोट्याचे आणि चोच मोठ्याची दिसते. दुसरी गोष्ट पायांची. पायाच्या मध्यावर मागे वळणारा जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, आणि खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. चित्रकार त्याला माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकवतात आणि पक्षी पडेल की काय असे वाटू लागते. तिसरी गोष्ट उडणाऱ्या पक्ष्याची: पंख उघडले की कडेची मोठी पिसे काळीभोर दिसतात आणि मान व पाय दोन्ही सरळ ताणलेले असतात. हा काळा रंग गाळला तर उडत्या थव्याचे सगळे सामर्थ्य जाते. थव्यात काही करडी पिल्लेही असू द्या. रंग अन्नातून येतो हे जे तुम्ही लिहिले आहे, ते एक अक्षरही न लिहिता त्यांच्यामुळे चित्रात येईल.

रोहित खाताना डोके उलटे करून चोच पाण्यात फिरवतो. माझ्या मते निम्म्याहून अधिक पक्षी याच स्थितीत असावेत. मान उंचावून डौलात उभा असलेला पक्षी दिसायला छान दिसतो, परंतु खाडीवर आलेला थवा दिवसाचा मोठा भाग मान खाली घालून चरत असतो, आणि वाकलेल्या मानांच्या कमानी एकापुढे एक आल्या की त्यांतून जी रचना तयार होते ती ताठ मानांतून होत नाही.


परांची

मी व्यवसायाने बाहेरील भिंतींचे रंगकाम करतो आणि चित्रकारांना भिंत तयार करून देण्याचे कामही करतो. गाळ रंगवण्याच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, पण माझे कारण वेगळे आहे.

रस्त्यालगतच्या कोणत्याही भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा सर्वांत आधी खराब होतो. जमिनीतील ओल भिंतीत चढते, तिच्याबरोबर क्षार वर येऊन रंगाला फुगवतात, पावसात वाहनांच्या चाकांचे पाणी उडते, शेवाळ धरते, आणि पानाच्या पिचकाऱ्यांविषयी वेगळे सांगायला नको. तेथे निळे पाणी किंवा हिरवे गवत काढले तर पहिल्याच पावसाळ्यानंतर ते मळलेले दिसते. तोच पट्टा राखाडी, तपकिरी आणि हिरवट छटांचा, थोडा खडबडीत पोत दिलेला असेल तर चिखलाचे शिंतोडे आणि शेवाळ त्यात सामावून जातात. शिवाय मातीचे रंग म्हणजे लोहाचे ऑक्साइड, ते उन्हाला दाद देत नाहीत.

उलट गुलाबीची काळजी घ्यावी लागेल. चमकणारे फ्लुरोसंट गुलाबी रंग उन्हात सर्वांत लवकर उडतात. ते कोणी सुचवले तरी घेऊ नका. क्विनाक्रिडोन जातीचे रंगद्रव्य उन्हाला चांगले टिकते, परंतु त्यात पांढरा जितका अधिक मिसळाल तितका टिकाऊपणा कमी होत जातो. म्हणून फिकट गुलाबीचा सपाट हात मारण्यापेक्षा गडद गुलाबीच्या फटकाऱ्यांत मधून मधून पांढरा मोकळा सोडणे चांगले. तसे केल्यास पिसांचा पोतही येईल.

भिंतीच्या माथ्यावर पाणी बाहेर टाकणारी पागोळी आहे का, हे कृपया पाहून घ्या. नसेल तर माथ्यावरून उतरणारे पाणी चित्रावर काळे ओघळ पाडील, मग रंग कितीही भारी वापरा.


उंबरठा

सर्वांचे लिखाण मन लावून वाचले, तरी मला येथे असहमती नोंदवायची आहे.

मी खाडीजवळच राहते. ओहोटीच्या वेळचा वास, मुळांत अडकलेल्या पिशव्या आणि पावसाळ्यात रस्त्यावर येणारा चिखल आमच्या रोजच्या जगण्यात आहे. दिवसभर काम करून परतणाऱ्या माणसाला घरासमोरच्या भिंतीवर पुन्हा चिखलच पाहावासा वाटेल, असे धागाकर्तीने कशाच्या आधारे गृहीत धरले? निळे तळे आणि हिरवी टेकडी खोटी असेल, पण त्या चित्रामागे एक इच्छा आहे आणि ती इच्छा खरी आहे. आमच्या दारातील रांगोळीतही कमळ असते. दारासमोर तळे नाही म्हणून ते कोणी पुसत नाही. सार्वजनिक चित्राने पाहणाऱ्याला काही द्यावे, की केवळ त्याच्याभोवती जे आहे ते दाखवावे, हा प्रश्न इतक्या सहज निकालात निघणार नाही.

आणखी एक. एवढ्या चर्चेत माणूस कोठेच नाही. या खाडीत कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत, गाळात उतरून निवट्या आणि खेकडे पकडणाऱ्या बाया आहेत. २०१७ साली ससून डॉकमध्ये जो कलाप्रकल्प झाला त्यात तेथील कोळी माणसांचे चेहरे मोठ्या आकारात भिंतींवर लागले होते, आणि तेथे येणाऱ्या प्रेक्षकाला बंदराबरोबर बंदर चालवणारी माणसेही दिसली. निसर्गचित्र म्हणून माणसाला वगळणे मला पटत नाही.


रेखाटन (धागाकर्ती)

उंबरठाताई, तुमचा आक्षेप मी गांभीर्याने घेते. रांगोळीतील कमळाविषयी मला असे वाटते की ते तळ्याचे चित्र म्हणून काढलेले नसतेच. ते मंगलचिन्ह आहे, ठिपक्यांच्या शिस्तीत बसवलेले आहे, आणि काढणारी व पाहणारी दोघींनाही ते ठाऊक आहे. आमच्या आराखड्यातील तळे मात्र खाडी असल्याचा दावा करते, कारण त्यात खाडीचा पक्षी आहे. उद्या कोणी खाडीकाठचा गाळ भरून तेथे कडा बांधलेले स्वच्छ निळे तळे करू म्हणाला, तर ही भिंत रोज पाहत मोठ्या झालेल्या मुलांना त्यात काही गैर वाटणार नाही. चित्रांची सवय डोळ्याला लागते, म्हणून मी एवढा आग्रह धरते आहे.

आनंद देण्याच्या मुद्द्यावर मात्र आपल्यात अंतर नाही. पहाटे उतरत्या पाण्यावर पडणारा उजेड मी रंगवायला सांगणार आहे, आणि त्या वेळी गाळावर गुलाबी, जांभळा, सोनेरी असे सगळे रंग असतात. माणसाविषयीची सूचना मी जशीच्या तशी चित्रकाराकडे पोहोचवीन. गाळात उतरलेली, पदर खोचलेली, हातात टोपली घेतलेली बाई, प्रत्यक्ष उंचीची आणि पक्ष्यांच्या रांगेतच, मागे किंवा कोपऱ्यात नव्हे. तिचीही मान पक्ष्यांसारखीच खाली असेल, आणि खाडीवाट यांनी सांगितलेल्या कमानींत तिच्या पाठीची कमान मिसळून जाईल.


तारपा

आराखड्यात खालच्या बाजूला वारली माणसांची किनार आहे का? अशा बहुतेक प्रस्तावांत ती असतेच, म्हणून विचारतो.


रेखाटन (धागाकर्ती)

आहे. संपूर्ण भिंतीखालून हात धरून नाचणाऱ्या आकृत्यांची रांग दाखवली आहे. चौकोन पुसले तर ती राहावी की जावी, याविषयी माझे मत बनलेले नाही.


तारपा

ती काढून टाकावी असे मी सुचवीन, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण वारली चित्रांविषयी मला अतिशय आदर आहे.

वारली चित्रांचे मूळ स्थान लग्नघरातील भिंत आहे. शेणमातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते तेव्हा तो विधी पूर्ण होतो. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच चित्रात वेटोळ्याने येतो, कारण तो प्रत्यक्षात वेटोळ्यानेच होतो. त्याला सरळ करून किनारीत ताणले की नाच संपतो आणि कापडावरची नक्षी उरते. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, परंतु त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहिली तर जाळे संपूर्ण पृष्ठभाग व्यापून टाकते आणि माणसे, मासे, पाणी सगळे त्यात ओवलेले दिसते. तेथे क्षितिज नाही, पुढचे-मागचे नाही, माणसापेक्षा झाड मोठे आहे. निसर्गाकडे पाहण्याची ती एक संपूर्ण दृष्टी आहे. धागाकर्तींच्या सूचनेतील दृष्टी वेगळी आहे, त्यात जवळचे मोठे आणि लांबचे लहान आहे. एका भिंतीवर दोन्ही ठेवल्यास एक चित्र होईल आणि दुसरे सजावट, आणि सजावट कोणाच्या वाट्याला येईल हे उघड आहे.

वारली पाडे मुंबईतच आहेत, आरे वसाहतीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात; तेथे वाघोबाची स्थाने आहेत आणि त्या रानात आजही बिबटे आहेत. वसाहतीला वारली चित्र हवेच असेल, तर वारली चित्रकाराला बोलावून, योग्य मानधन देऊन, प्रवेशद्वाराची भिंत पूर्णपणे त्याच्या हवाली करावी आणि खाली त्याचे नाव लिहावे. खाडी काढायची की रान, हे त्याला ठरवू द्यावे.


खाडीवाट

तारपा यांच्याशी पूर्ण सहमत.

आणखी दोन गोष्टींचा निर्णय घ्यावा लागेल: विजेचे मनोरे आणि प्लॅस्टिक. खाडीवरून उच्चदाबाच्या तारा जातात आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी थव्यामागे मनोरे दिसतात. मला ते चित्रात हवेत. धागाकर्तींनी मुळांची आणि पायांची उभी लय सांगितली आहे. मनोरे त्याच लयीत तिसऱ्या उंचीवर येतील आणि हे चित्र मुंबईचेच आहे याविषयी शंका राहणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मरण पावले. हा पक्षी आपल्या यंत्रांच्या अगदी लगत राहतो, ते लगतपण दिसले पाहिजे.

प्लॅस्टिकविषयी माझा कल ते चित्रात दाखवावे असा आहे. मुळांत अडकलेली एखादी पिशवी असावी.


उंबरठा

मनोऱ्यांना हरकत नाही, प्लॅस्टिकला आहे. भिंत कित्येक वर्षे राहणार आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला रोज दटावणारी भिंत लोक पाहायचे सोडून देतात. 'झाडे लावा, झाडे जगवा' या पाट्यांचे तेच झाले आहे. आणि मुळांत अडकलेली पिशवी पाहायची असेल तर भिंतीपासून थोडे पुढे चालत गेले की पुरे. गाळात उतरलेल्या बाईची कल्पना मात्र मनापासून आवडली. तिला वयस्क दाखवा.


परांची

समितीसाठी कामाचा क्रम लिहून देतो. पाऊस संपला की लगेच रंगाला हात घालू नये. भिंतीने पावसाळाभर पाणी प्यायलेले असते आणि ओलसर गिलाव्यावर दिलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो. ऑक्टोबरचे ऊन पूर्ण खाऊ द्यावे. त्या काळात शेवाळ घासून काढणे, भेगा बुजवणे आणि माथ्यावर पागोळी करणे ही कामे उरकावीत. नवा गिलावा केला तर त्याला किमान चार आठवडे द्यावेत आणि नंतर क्षाररोधक प्रायमरचा हात मारावा.

रोहित नोव्हेंबर-डिसेंबरपासून दिसू लागतात, तोवर भिंत तयार असेल. चित्रकाराने आधी खाडीवर जाऊन रेखाटने करावीत आणि नंतर ओहोटीच्या टोकाकडील दहा फुटांचा तुकडा पूर्ण रंगवून दाखवावा. करड्याच्या पाच छटा कागदावर एक दिसतात आणि भिंतीवर, सकाळच्या तिरप्या उन्हात, वेगळ्याच दिसतात. उंबरठाताई आणि खाडीवाट यांनी तो तुकडा प्रत्यक्ष पाहून मत द्यावे, आणि मगच उरलेल्या भिंतीसाठी रंग खरेदी करावा.